सुमनचं दुसरं बाळंतपण

आमच्या वाडीत एकेकाळी चार-पाच कुसुम होत्या. पाणवठ्यावर उभं राहून "कुसुम गो" अशी हाक मारली की वरच्या आळीतून, खालच्या आळीतून आणि गुरांच्या मागून एकदमच "ओ" यायची. मग वरची कुसुम, खालची कुसुम, बोबडी कुसुम असे भाग पाडावे लागत. कुणी म्हणेल, नावांचा एवढा दुष्काळ होता का? दुष्काळ नव्हता. नावांची फॅशन होती, आणि फॅशन आली की ती सगळ्यांनाच हवी असते.

पोलादपूरच्या वर डोंगराच्या अंगाला आमची वाडी. घरटी एक तरी पुरुष मुंबईला. हे चाकरमानी शिमग्याला आणि गणपतीला घरी येत तेव्हा ट्रंकेत कपबशा, बॅटरी, वासाचा साबण असं काय काय असे, आणि त्याबरोबर नवी नावंही येत. त्याआधीच्या बायकांची नावं सगळी नद्यांची नाही तर तीर्थांची. गंगा, यमुना, भागीरथी, काशी, द्वारकी. आमची नदी सावित्री, त्यामुळे सावित्र्या तर पैशाला पासरी. मुलं जगत नसली की दृष्ट लागू नये म्हणून धोंडी, आणि मुलीवर मुली होऊन घरचे कंटाळले की नकोशी. नकोशी नावाची एक बाई आमच्या शेजारीच होती. तिला लग्नात दुसरं नाव मिळालं, सहा मुलगे झाले, तरी ती मरेपर्यंत नकोशीच राहिली.

मुंबईची नावं आली आणि या जुन्या नावांना उतरती कळा लागली. कुसुम, मालती, विमल, शालन, सुमन. माझ्या थोरल्या बहिणीच्या बारशाला आत्याने मनाशी भागीरथी हे नाव धरून ठेवलं होतं. बारशाला नाव ठेवायचा मान आत्याचा, तिथे बापाचंही चालत नाही. पण वडिलांनी मुंबईहून येणाऱ्या माणसाबरोबर निरोप धाडला की शालन ठेवा. आत्या रुसली, दुपारी जेवली नाही, पण पाळण्यात वाकून बाळाच्या कानात शालनच म्हणाली. बायकांनी रिवाजाप्रमाणे तिच्या पाठीत बुक्के घातले. त्यातले काही जरा जोरातच बसले, असं आई हसत सांगायची.

एवढं सगळं नाटक करून ठेवलेलं नाव लग्नापर्यंतच टिकायचं. लग्नात भटजी ताटभर तांदळावर हळकुंडाने नवं नाव लिहायचे, गूळ वाटला जायचा आणि कालची गंगा आज पार्वती होऊन नवऱ्यामागे चालू लागायची. आमच्या आईचं माहेरचं नाव मला कितीतरी वर्षं ठाऊक नव्हतं. भाऊबीजेला मामा आला आणि अंगणातूनच त्याने तिला त्या नावाने हाक मारली, तेव्हा चुलीपुढची आई अशी काही लगबगीने उठली की हातातलं भांडं पडलं. लोक या नाव बदलण्याला हौस म्हणतात. मला त्यात हौस कधी दिसली नाही. दावणीला नवं जनावर आणलं की त्याचंही नाव बदलतातच की.

शालनताई माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठी. उंच, सावळी, आवाज दणदणीत. भांडणात ती माघार घेत नसे आणि कामातही घेत नसे. या उंचीपायी तिचं लग्न लांबलं. येणारा प्रत्येक मुलगा तिच्या खांद्याला लागायचा आणि चहा पिऊन निघून जायचा. शेवटी महाडजवळच्या नाते गावाच्या पलीकडून एक स्थळ आलं. मुलगा मुंबईला गोदीत, घरी भातशेती बरी, मागणी काही नाही. फक्त बिजवर. पहिली बायको तापाने गेलेली आणि मागे चार वर्षांची मुलगी. वडील म्हणाले, याहून चांगलं आपल्याला मिळायचं नाही. 

लग्नात तांदळाचं ताट पुढे आलं. भटजींनी विचारलं, नाव काय ठेवायचं? मुलाची आई पुढे झाली आणि म्हणाली, "सुमनच लिवा."

त्या "सुमनच"मधला "च" आमच्याकडच्या बायकांनी नेमका टिपला. मांडवात कुजबुज झाली. गेलेल्या बायकोचं त्या घरातलं नाव सुमन होतं. मुंडावळ्यांच्या आडून शालनताईने एकदा आईकडे पाहिलं. आईने मान खाली घातली. गूळ वाटून झाला तेव्हा माझ्याही हातावर खडा पडला आणि मी तो खाऊन टाकला. मला काय कळत होतं!

सासू दुष्ट होती असं मी म्हणणार नाही. दुष्ट असती तर बरं झालं असतं, तिला शिव्या देऊन मोकळे झालो असतो. तिची नात आई गेल्यापासून सारखी विचारायची, आय कुठं गेली? म्हातारी सांगायची, म्हायेराला गेलीय, येईल. ते पोर रोज ओट्यावर बसून वाट बघायचं. मग ही म्हातारी सुनेला दुसरं नाव कसं ठेवणार? नवरी दारात आली तेव्हा तिने नातीला पुढे ढकललं आणि म्हणाली, "बघ गो, तुजी आय आली म्हायेराशीन. सुमन आली." मुलीने पुष्कळ वेळ वर पाहिलं. मग तिने शालनताईच्या लुगड्याचा काठ मुठीत धरला. शालनताईने तिला उचलून कडेवर घेतलं आणि उंबऱ्यावरचं माप तिला कडेवर घेऊनच ओलांडलं. हे मला करवलीने आल्यावर सांगितलं, आणि सांगताना ती रडत होती.

बिजवराच्या बायकोच्या गळ्यात सवतीचा टाक असतो. चांदीचा छोटा पत्रा, त्यावर बाईची आकृती. मेलेल्या सवतीने त्रास देऊ नये म्हणून तिला गळ्यात वागवायची आणि सणाला आधी तिला नैवेद्य दाखवायचा. शालनताईला तेही आलं. आणखी एक रिवाज असा, की दुसरी बायको ही पहिलीच्या आईबापांची लेक मानायची. म्हणून दासगावची एक म्हातारी, म्हणजे गेलेलीची आई, दिवाळीला आणि शिमग्याला साडीचोळी घेऊन यायची. ती शालनताईच्या तोंडावरून हात फिरवायची आणि "द्वारके, बरी हाईस ना गो?" म्हणायची. द्वारकी हे तिच्या लेकीचं माहेरचं नाव. सुमनची गंमत अशी की ती सुमनही जन्माची सुमन नव्हतीच.

लग्नानंतरच्या उन्हाळ्यात मी ताईकडे राहायला गेले. अंगणातूनच ओरडले, "शालनताय!" सासू हातातला पळा तसाच घेऊन बाहेर आली. मला वाटलं आता मारते. पण तिने मला ओट्यावर बसवलं, गूळपाणी दिलं आणि हळू आवाजात म्हणाली, "ह्या घरात त्या नावान हाक मारायची नाय, बाय. पोर ऐकंल. शालन कोन म्हनून इचारलंन तर काय सांगशील तिला?" मी मान हलवली. त्या घरात मी नुसतं "ताय" म्हणू लागले.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी धुणं घेऊन ओढ्यावर गेलो. आजूबाजूला कुणी नव्हतं. ताई म्हणाली, "आता मार हाक."

"शालनताय."

"आनखी मार."

मी मारत राहिले आणि ती हसत हसत लुगडी आपटत राहिली. मग हसणं थांबलं. ती म्हणाली, "सासू सुमन म्हनते, दासगावची आय द्वारकी म्हनते. दोगी माया करतात, नाय असं नाय. पन ती माया माज्यावर नाय गो. मी मदीच उभी हाय." थोड्या वेळाने ती पुन्हा म्हणाली, "पयल्या बाळंतपनाला आयकडं येईन ना, तवा चांगली तीन म्हयने ऱ्हाईन. दिवसभर माज्या नावान हाका मारा मला." मी म्हटलं, मारू. एवढीच तिची मागणी होती. पुढच्या सगळ्या काळात तिने दुसरं काही मागितल्याचं मला आठवत नाही.

पावसाच्या तोंडाशी तिला दिवस असल्याचा निरोप आला. आईने लगेच जुनी लुगडी फाडून बाळोती शिवायला घेतली. पडवीची एक बाजू सारवून घेतली, बाज ठोकून घेतली, शेगडीसाठी कोळसे पाडून ठेवले. आळीतल्या सुइणीला तर इतक्या आधी सांगून ठेवलं की ती म्हणाली, अगो, पोटातल्याला जरा वाढू तर दे. गणपती झाले आणि ओटीचं सामान घेऊन आई आणि मी ताईला आणायला गेलो. पोलादपूरहून महाडपर्यंत एसटीने आणि पुढे पायी. चिखलातून चालताना आई सारखी स्वतःशी काहीतरी पुटपुटत होती. बहुधा काय काय करायचं राहिलं याचीच उजळणी चालली होती.

चहा झाला. ओटी भरून झाली. आई म्हणाली, "मंग ईनबाय, उद्या सकाळच्याला निघतो. उन्हाच्या आदी महाडला पोचू."

सासू म्हणाली, "कुटं?"

"पोरीला घेऊन. बाळंतपनाला."

सासूने पदर सावरला. तिच्या चेहऱ्यावर खरोखरचं आश्चर्य होतं. मी समोरच बसले होते, मी ते पाहिलं आहे. "म्हायेरी पयलं बाळंतपन असतंय, ईनबाय," ती म्हणाली. "सुमनचं पयलं झालं की दासगावला. ही पोर काय आबाळातून पडली? आता हे दुसरं. दुसरं सासरीच होयाला पायजे."

आईला वाटलं ती थट्टा करते आहे. ती हसली सुद्धा. मग तिच्या ध्यानात आलं. "आवो, माजी पोर पयलटकरीन हाय," ती म्हणाली.

"तुमच्यात आसंल. आमच्या घरात नाय."

ती रागाने बोलली नाही, समजावून सांगावं तसं बोलली. पहिलं बाळंतपण दुसऱ्यांदा माहेरी केलं तर पहिलीचं ते खोटं ठरतं. ते खोटं ठरलं की ती पोर खोटी ठरते, आणि गेलेली बाई ते सहन करत नाही. ओट्यावरच्या दोन म्हाताऱ्याही मान डोलवत होत्या. त्यांच्या हिशोबात कुठे फट नव्हती. आणि भातकापणी दोन महिन्यांवर आली होती, घरात दुसरी कामाची बाई नव्हती, हेही त्यात होतंच. पण ते कुणी बोललं नाही, आणि बोललं असतं तर आईला भांडता तरी आलं असतं.

मुलीच्या आईने विहिणीशी किती भांडायचं? वडील गणपतीला येऊन परत गेले होते, आणि असते तरी ते व्याह्यांशी वाद घालणारे नव्हते. आईने हात जोडले, पायाही पडली. सासूने तिला खांद्याला धरून उठवलं आणि तिचेही डोळे भरून आले. पण तिने नाही ते नाहीच म्हटलं. ताई चुलीपाशी उभी होती. आम्ही निघालो तेव्हा ती वेशीपर्यंत आली. आईने तिला कवटाळलं आणि कानाशी लागून तिचं नाव घेतलं, एकदा नाही, पुष्कळदा. ताईने त्या पोरीचं बोट धरलेलं होतं, म्हणून ते कानातच घ्यावं लागलं.

दसऱ्यानंतर आईने मला ताईच्या मदतीला धाडलं. माझ्यानं काय होणार होतं? पाणी भरायचं, पोरीला सांभाळायचं. पण आपलं माणूस जवळ असावं म्हणून. मी पाहिलं ते असं, की पहिलटकरणीला जसं जपतात तसं ताईला कुणी जपत नव्हतं. पहिलटकरीण म्हटली की डोहाळे पुरवतात, वजन उचलू देत नाहीत, सुईण येऊन पोट बघून जाते, चार बाया रोज डोकावतात. दुसरेपणाला हे सगळं कमी होतं, कारण वाट एकदा रुळलेली असते. ताईच्या वाट्याला ते कमी झालेलंच आलं. ती भात कापत होती, पेंढ्या बांधत होती, भारे डोक्यावर घेऊन खळ्यावर नेत होती. तिचे पाय सुजलेले होते. सासू म्हणायची, "मागल्या येळेलाही आसंच सुजलंवतं, काय झालं नाय." मागल्या वेळेला ते पाय कुणाचे होते, हे त्या म्हातारीच्या खरंच लक्षात राहिलं नव्हतं.

कळा सकाळी सुरू झाल्या, खळ्यावर. ताई घरी चालत आली. सासूने पाणी तापत ठेवलं आणि धाकट्या दिराला सांगितलं, पलीकडच्या वाडीवर जा आणि सुइणीला सांग, सुमनचं दिवस भरलंय, दुसरेपनाचं हाय, सवडीनं आलीस तरी चालंल. तो तसंच सांगून आला. सुईण स्वतःच्या कापणीत होती. दुसरेपणाची म्हटल्यावर तिनेही हातातला वाफा कापून संपवला आणि दुपार कलल्यावर आली. तोवर सासू ताईला सांगत होती, जोर कर, आता होईल, तुला काय ठावं नाय का? ताईला ठाऊक नव्हतं. ती जोर करत होती आणि नको त्या वेळी करत होती.

मी पडवीत पोरीला मांडीवर घेऊन बसले होते. सुईण आत गेली.  मग तिचा आवाज चढला. "ही तर पयलटकरीन हाय! दुसरी कोन म्हनलं?"

"दुसरीच हाय," सासू म्हणाली. "पयली पोरगी ही काय भाईर बसलीय."

"आगो बाई, ह्या अंगातून पोर आलेलं नाय! सकाळधरनं हिला जोर कराय लावलात? मला सांगायचं नाय?"

त्यावर सासू काय म्हणाली ते मला ऐकू आलं नाही. पुढे कितीतरी वेळ फक्त सुइणीचा आवाज येत होता, आणि अधूनमधून ताईचा. दणदणीत आवाजाची माझी बहीण, पण तिचा आवाज आता ओळखू येत नव्हता. उन्हं उतरता उतरता मूल झालं. मुलगी. ती लगेच रडली. पण ताईचं रक्त थांबेना. सुइणीने जे जे येत होतं ते केलं आणि बाहेर येऊन पुरुषांना म्हणाली, डोली बांधा, महाडला न्या.

बांबूला गोधडी बांधून डोली केली. चौघांनी खांद्यावर घेतली. मी मागे धावत होते, मला कुणी हटकलं नाही. सासू डोलीला हात लावून चालत होती आणि सारखी हाका मारत होती, "सुमन, ये सुमन, डोळं उघड गो, सुमन." बरोबरच्या बायकाही तेच म्हणत होत्या. मी डोलीच्या दुसऱ्या बाजूला गेले आणि जोरात ओरडले, "शालनताय!" या वेळी सासूने मला गप्प केलं नाही. उलट म्हणाली, "मार, मार, तू बी मार हाक." मी मारत राहिले. तिने डोळे उघडले असं मला लिहायला आवडलं असतं. तिने उघडले नाहीत. नाते गाव यायच्या आधीच, शेताच्या बांधावर, डोली वाहणाऱ्यांपैकी एकाने गोधडीत हात घालून पाहिलं आणि सगळ्यांना थांबायला सांगितलं.

आई दुसऱ्या दिवशी पोचली. तोवर देह ठेवला होता. नवऱ्याआधी गेलेली म्हणून हिरवं लुगडं नेसवलेलं, मळवट भरलेला. नवरा अजून मुंबईहून यायचा होता. आईने तिला पाहिलं आणि "शालन" म्हणून जो टाहो फोडला, तो त्या घराच्या आत त्या नावाचा पहिला उघड उच्चार. सासू ऊर बडवून "सुमन, सुमन" करत होती. आणि दासगावची ती म्हातारी एका कोपऱ्यात बसून "माजी द्वारकी दुसऱ्यांदा गेली गो" म्हणत होती. परका कुणी वाटेने जात असता तर त्याला वाटलं असतं, या घरात तिघी गेल्या आहेत. मला त्या वेळी त्या तिन्ही बायकांचा सारखाच राग आला होता. आता फक्त सासूचा येतो, आणि तिचाही पुरता येत नाही.

तेरावं झाल्यावर आईने बाळाला मागितलं. तिथे दूध पाजायला कुणी नव्हतं, शेजारची एक ओली बाळंतीण दया म्हणून पाजत होती. आई म्हणाली, दे मला, मी वाढवते. सासू म्हणाली, "सुमनची लेक सुमनकडंच ऱ्हाईल." आईला अर्थ कळला नाही. वर्ष सरायच्या आत कळला. त्या घरात तिसरी आली. तांदळाच्या ताटात पुन्हा सुमन लिहिलं गेलं.

लग्नाआधी त्यांचा माणूस आमच्याकडे आला होता, मानाने बोलवायला. आता आई त्या नव्या नवरीची आई, तिने साडीचोळी घेऊन यायचं, तिला पोटाशी धरायचं, लेक म्हणायचं. दासगावची म्हातारी करत होती तसंच. आईने त्याला चहा दिला, पानसुपारी दिली आणि म्हणाली, "माजी लेक शालन. ती मेली. सुमन माजी कोन नाय, तेंना सांग." तो माणूस म्हणाला, विचार करा, नातीचं तोंड दिसायचं बंद होईल. आई म्हणाली, होऊ दे. वडिलांनी पुढे गणपतीला आल्यावर तिला पुष्कळ समजावलं, आरडाओरडा केला, पण ती हटली नाही. मला वाटतं शालनताईचा हट्ट कुठून आला होता तो मला तेव्हा कळला. दासगावची म्हातारी शहाणी होती. तिने लेकीचं नाव सोडलं नाही आणि नातीलाही सोडलं नाही. आमच्या आईला ते जमलं नाही आणि तिने जे नाव धरून ठेवलं तेही पुढे हाती राहिलं नाही.

माझं लग्न महाडात ठरलं तेव्हा आईने व्याह्यांना एकच अट घातली. हुंडा बोला, मानपान बोला, पण पोरीचं नाव बदलू नका. लोक हसले. डोंगरातल्या बाईला शहरी वारं लागलं म्हणाले. माझ्या सासऱ्यांनी ते मान्य केलं, आणि मला पाळण्यात मिळालेलं नाव अजून माझ्यापाशी आहे.

लग्नानंतर एक-दोन वर्षांनी, महाडच्या वीरेश्वराच्या जत्रेत, छबिन्याची पालखी बघायला मी जाऊबरोबर देवळाकडे गेले होते. बांगड्यांच्या दुकानापाशी गर्दी होती. तिथे दोन मुली उभ्या होत्या. मोठी बारा-तेरा वर्षांची आणि धाकटी सात-आठांची. धाकटीची पाठ माझ्याकडे होती. ती वयाच्या मानाने फार उंच होती, आणि दुकानदाराशी भावावरून हुज्जत घालत होती. आवाज असा की दोन दुकानं पलीकडची माणसं वळून बघत होती.  लांब देवळाच्या पायऱ्यांवर ताईची म्हातारी सासू बसलेली दिसली, आणखी वाकलेली. तिने मला पाहिलं नव्हतं.

मी जवळ गेले आणि धाकटीला विचारलं, "नाव काय गो तुझं?"

तिने सांगितलं. तेव्हा नुकतं निघालेलं, सिनेमातलं वाटावं असं नाव होतं. आता ती फॅशन आली होती.

"आणि आईचं?"

"सुमन."

"आई कुठंय?"

"घरी हाय. आमचा बारका भाव आजारी हाय ना, त्याला घेऊन ऱ्हायलीय." तिने हातातल्या बांगड्या मला दाखवल्या. "आईसाठी घेतल्यात. तिला हिरव्याच आवडतात."

त्या घरात सुमन कधी मेलीच नव्हती, त्यामुळे या पोरीला काही सांगायची वेळ कुणावर आलीच नव्हती. मला ते एकदम कळलं आणि राग असा काही उसळला की मी खाली वाकले, तिचे दोन्ही खांदे धरले आणि म्हणाले, "तुझ्या आईचं नाव शालन होतं. ती माझी बहीण."

ती माझ्याकडे बघत राहिली. घाबरली नाही. वाट चुकलेल्या बाईला रस्ता सांगावा तसं मला म्हणाली, "नाय वो. तुमी दुसऱ्या कोनाला तरी शोधताव. आमच्यात शालन कोन नाय." आणि खात्री करून घ्यावी म्हणून ती मोठ्या बहिणीकडे वळली. "हाय का गो ताय, कोन शालन?"

मोठीने मला केव्हाच ओळखलं होतं. तिला मी मांडीवर घेऊन बसले होते तेव्हा ती पाच वर्षांची होती, आणि आतलं सगळं तिने माझ्याबरोबर ऐकलं होतं. तिने धाकटीच्या हातातल्या बांगड्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. तिची नजर मला सारखी विनवत होती.

"नाय," ती म्हणाली. "कोन नाय." आणि तिने माझे हात धाकटीच्या खांद्यांवरून हळूच काढले.